मागची चाकं हवेत सोडून मोटरहोम लेव्हल करायची नाही, हँडब्रेक लावलेला असला तरी

तुम्ही विचारलंय की जागा उतरती असेल तर मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, लेव्हल कशी करायची, रॅम्प (चाकं वर चढवायचे उतरते ठोकळे) घ्यायचे का हायड्रॉलिक जॅक (बटणाने गाडी उचलणारे पाय) बसवायचे, आणि जॅकने उचलताना मागची चाकं जमिनीवरून सुटली तर चालतं का. शेवटचं आधी सांगते. नाही चालत. एक बोटभर सुद्धा नाही.

तुमच्या प्रश्नात पुढे लिहिलंय, "हँडब्रेक तर लावलेला असतोच." ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य आमचे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, त्या संध्याकाळी बोलले होते आणि आजही बोलतात.

आमची तेव्हाची गाडी मोठी, मागच्या चाकांवर चालणारी, ऑटोमॅटिक गिअरची, चार कोपऱ्यांत चार हायड्रॉलिक जॅक. जागा गवताची, आडवी बऱ्यापैकी सपाट, पण गाडीच्या शेपटाकडे चांगला उतार. अंधार पडत आलेला, सगळे दमलेले, आणि भाऊजींनी बटणं हातात घेतली कारण गाडीतलं त्यांना जास्त कळतं असं घरात ठरलेलंच आहे. माझ्या मुलाने पोटावर झोपून मागच्या जॅकखाली फळ्या सरकवल्या आणि बाजूला झाला. मी डाव्या मागच्या चाकापाशी टॉर्च धरून उभी. शेपूट वर वर चाललं होतं आणि मला दिसलं की टायरखाली दाबलेलं गवत हळूहळू उभं राहतंय, एकेक पात सरळ होतंय. मी ओरडले, "भाऊजी, टायर सुटला!" तर आतून आवाज, "वहिनी, हँडब्रेक लावलाय, बबल येतोच आहे मध्ये, थोडंच राहिलं." बबल म्हणजे पाणसळीतला बुडबुडा, तो मध्ये आला की गाडी लेव्हल.

मग जॅकखालच्या फळीची एक कड गवतातून वर आली. आवाज वगैरे काही नाही. पुढची चाकं अर्धा हात मागे फिरली, मागचे दोन्ही जॅक तिरके झाले आणि शेपूट खाली बसलं. दोन्ही जॅकचे दांडे वाकले. कोणाला लागलं नाही. पण दोनच मिनिटांपूर्वी माझा मुलगा त्या जॅकशेजारी झोपला होता, हे मी विसरू शकत नाही.

भाऊजींचं म्हणणं अजून हेच, की जमीन भुसभुशीत होती म्हणून झालं. नाही हो. नीट बघा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. काही गाड्यांत तो चाकांऐवजी मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टला (लांब दांड्याला) धरतो, म्हणजे शेवटी मागचीच चाकं. आमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे गिअर पार्कमध्ये टाकला तरी अडतात तीच दोन. पुढच्या चाकांना कोणीच धरलेलं नव्हतं, त्यांना दगड लावलेला नव्हता. मागची हवेत गेल्यावर एवढी टनावारी गाडी उतारावर कशावर उभी होती, तर मागच्या दोन जॅकवर आणि मोकळ्या पुढच्या चाकांवर, आणि जॅक हा सरळ खाली भार घ्यायला असतो, आडवा धक्का घ्यायला नाही. आणि गाडी थांबली कशाने? मागचे टायर परत जमिनीला टेकले, हँडब्रेकने पकडलं, म्हणून थांबली. जमीन तर तीच होती ना? एवढ्यावर वाद मिटायला हवा होता.

आता करायचं काय. उतारावर जागा घ्यावीच लागली तर गाडीचं तोंड उताराकडे, म्हणजे खालच्या बाजूला करून लावा. मग उचलायला लागतो तो पुढचा भाग, ब्रेकवाली चाकं जमिनीवरच राहतात. एवढी एक गोष्ट आम्ही त्या दिवशी केली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं. हँडब्रेक, गिअर, आणि जी चाकं उचलायची नाहीत त्यांना उताराच्या बाजूने पाचरी ठोकून बसवायच्या, हे सगळं जॅकला हात लावायच्या आधी. आधी आडवी लेव्हल, मग लांबीची.

आडव्यासाठी मला रॅम्प किंवा ठोकळेच आवडतात, कारण चाक कशावर तरी टेकलेलं राहतं. पण टायर पूर्ण ठोकळ्यावर हवा, कड बाहेर लोंबकळायला नको, आणि मागे जोडचाकं असतील तर दोन्हींखाली ठोकळा, एकाखाली घालून चालत नाही, सगळा भार त्या एकाच टायरवर येतो. अंदाजासाठी सांगते, दोन चाकांमध्ये 2 मीटर अंतर धरलं तर 1 अंशाला साडेतीन सेंटीमीटर उचल लागते. 3 अंश म्हणजे साधारण 10 सेंटीमीटर. त्याहून जास्त लागत असेल तर जागा बदला, लाज कसली त्यात.

भाऊजींचा दुसरा मुद्दा फ्रिजचा, की फ्रिजसाठी बबल अगदी मध्ये पाहिजे. यात थोडं तथ्य आहे. गॅसवर चालणाऱ्या ॲब्सॉर्प्शन फ्रिजमध्ये अमोनियाचं द्रावण पंपाशिवाय, स्वतःच्या वजनाने उतरतं, गाडी फार कलली तर ते एका ठिकाणी साचतं, बॉयलर जास्त तापतो आणि असं वारंवार झालं तर फ्रिज कायमचा जातो. पण म्हणून चाकं हवेत? बऱ्याच अशा फ्रिजना, फ्रिजसमोर उभं राहून बघितलं तर, डावी-उजवीकडे 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंशांपर्यंत कल चालतो, तुमच्या फ्रिजचा आकडा त्याच्या पुस्तकात बघा. घरच्यासारखा कॉम्प्रेसरवाला असेल तर एवढी काळजीच नाही. आम्ही आता छोटी पाणसळ थेट फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवून बघतो. उशी चढाच्या बाजूला आली आणि बाथरूमचं पाणी जाळीकडे गेलं की मला पुरे.

जॅकच्या पायाखाली प्रत्येक वेळी रुंद जाड फळी घाला, जमीन कितीही कडक वाटली तरी. कोपऱ्यांना हाताने फिरवायचे बारके पाय असतात ते गाडी हलू नये म्हणून टेकवायचे, त्यांनी उचलायचं नाही. पाऊस झाला तर सकाळी परत तपासा, एक पाय रुतलेला सापडतोच. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणी शिरायचं नाही, फळी सरकवायला सुद्धा काठीने सरकवा.

रॅम्प का हायड्रॉलिक, हे तुमची गाडी केवढी आहे ते तुम्ही लिहिलंच नाही त्यामुळे नीट सांगता येत नाही. छोट्या व्हॅनला रॅम्प भरपूर झाले. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर गिअर पुढची चाकं धरतो आणि हँडब्रेक मागची, म्हणजे थोडी बरी परिस्थिती, पण मग पुढची उचललीत की गिअरची पकड जाते, त्यामुळे पाचरी लागतातच. मागे ओढायचा कॅरॅव्हॅन असेल तर तो ओढणाऱ्या गाडीपासून सोडायच्या आधी पाचरी. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असेल तर हवा कधी सोडायची ते कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे. निघताना बाहेर सरकवलेली खोली आधी आत, मग जॅक वर, आणि पाचरी सगळ्यात शेवटी, ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवून बसल्यावरच काढायच्या. आमच्याकडे हे काम आता माझ्याकडे असतं आणि भाऊजी सोबत असले तरी माझ्याकडेच असतं.