वाचक विचारतात : सूनबाईंचं इटलीतलं मूळ गाव

प्रश्न : आमच्या सूनबाई अमेरिकेत वाढलेल्या. त्यांचे पणजोबा सॅम रुस्सो १९०९ साली इटलीहून न्यूयॉर्कला आले, गाव नेपल्स, एवढंच त्यांच्या घरी माहीत आहे. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहून ठेवायची आहे. इटलीतली नोंद कोल्हापुरात बसून मिळेल का?
— एक आजी, राजारामपुरी

उत्तर : मिळेल, आणि बरंचसं काम फुकटात होईल. पण आजी, सुरुवात इटलीपासून करू नका. तिथे जन्म, लग्न, मृत्यूची नोंद 'कोमुने'त होते. कोमुने म्हणजे आपली ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. जुन्या नोंदींचं देशभराचं असं एक रजिस्टर नाही. गावाचं नाव नसताना तिकडे विचारणं म्हणजे गाव आणि गट नंबर न सांगता तलाठ्याकडे सातबारा मागणं. त्यातून रुस्सो हे आडनाव दक्षिण इटलीत आपल्याकडच्या पाटलांइतकं पसरलेलं. आणि 'नेपल्स'वर विसंबू नका. बहुतेकदा ते जहाज पकडलेलं बंदर असतं, गाव पार आत डोंगरात.

म्हणून आधी अमेरिकेतले दोन कागद काढा. पहिला, जहाजाची प्रवासी यादी. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांची तपासणी व्हायची. तिथे उतरलेल्यांच्या याद्या इंटरनेटवर मोफत बघता येतात. १९०७ च्या कायद्यानंतर या यादीत रकाने वाढले आणि एका माणसाची माहिती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली. मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव पहिल्या पानावर असतं, जन्मगाव दुसऱ्या पानाच्या शेवटी. पुष्कळ जण दुसरं पान उघडतच नाहीत आणि नेमकं गावच हुकतं. शोधताना 'सॅम' टाकू नका, 'साल्वातोरे' टाकून बघा. सॅम हे बहुधा त्याचंच अमेरिकन रूप. बेटावरच्या कारकुनाने नाव बदललं ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते, पण यादी जहाज सुटायच्या बंदरातच तयार व्हायची. नावं बदलली ती पुढे, अमेरिकेत राहताना. पणजीबाई मागाहून आल्या असतील तर त्यांना माहेरच्या आडनावाने शोधा. इटलीत बाईचं आडनाव कागदोपत्री लग्नानंतरही तेच राहतं, आणि शोधणाऱ्याला त्याचा फार मोठा आधार होतो.

दुसरा कागद, पणजोबांनी अमेरिकन नागरिकत्वासाठी केलेला अर्ज. सप्टेंबर १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव आणि जन्मतारीख असते.

गाव हाती आलं की 'आन्तेनाती' हे इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं मोफत संकेतस्थळ उघडा. प्रांत, कोमुने, वर्ष आणि मग 'नाती' असं निवडत जा. नाती म्हणजे जन्मलेले. नेपल्सच्या बाजूला या नोंदी १८०९ पासून आहेत, सिसिलीत १८२० पासून. एकत्रित इटलीची पद्धत १८६६ ला सुरू झाली, ईशान्येकडच्या व्हेनेतो भागात १८७१ ला. त्या त्या भागात सरकारी नोंदी सुरू होण्याआधीचे जन्म चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांत.

प्रश्न : गाव सापडलं. १८८६ ची जन्मनोंद समोर आहे, पण हस्ताक्षर लागत नाही. काय कुठे बघायचं?
— शाहूपुरी

उत्तर : हा छापील नमुना असतो, फक्त रिकाम्या जागा हाताने भरलेल्या. एक नोंद नीट लावलीत की पुढच्या पन्नास सोप्या जातात. पहिल्या ओळीत साल अक्षरी लिहिलेलं असतं आणि पुढे तारीख. ती जन्मतारीख नव्हे! बाप बाळाला घेऊन कचेरीत आला तो दिवस आहे. खरी जन्मतारीख चार-पाच ओळी खाली, वेळेसकट. वंशावळीतल्या निम्म्या चुका इथेच होतात असं आमचं मत आहे. मध्ये बापाचं वय आणि धंदा येतो, 'कोन्तादीनो' म्हणजे शेतकरी. मग घर कुठल्या रस्त्यावर, मग आईचं नाव माहेरच्या आडनावासह.

बाळाच्या आजोबांच्या नावाआधी 'दी' असेल तर ते त्या दिवशी हयात होते. 'फू' असेल तर आपलं 'कै.' समजा. या दोन अक्षरांवरून मृत्यूची नोंद कोणत्या सालाच्या मागे शोधायची ते कळतं. महिना '७ब्रे' असा दिसला तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम'. तसंच ८ब्रे म्हणजे ऑक्टोबर. समासातलं बारीक अक्षर सोडू नका. सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांसारखं तिथे पुढचं लग्न, कधी मृत्यूही टिपलेला असतो.

सगळ्यात जास्त फसवतात ती नावं. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची तिथे रीत. चार भावांच्या घरांत चार साल्वातोरे, वयात वर्ष-दोन वर्षांचा फरक. म्हणून आईचं माहेरचं आडनाव जुळल्याशिवाय कुणालाही वंशावळीत बसवू नका. तरी शंका उरली तर लग्नाच्या नोंदीला जोडलेली कागदपत्रं, 'आल्लेगाती', बघा. वर-वधूचे जन्मदाखले तिथे एकत्र असतात.

प्रश्न : या नोंदीवर इटलीचं नागरिकत्व मिळेल का?
— राजारामपुरीच्याच आजी

उत्तर : पणजोबांवरून आता नाही. इटली सरकारचा २८ मार्च २०२५ चा हुकूम त्याच वर्षी मे महिन्यात कायदा झाला. परदेशात जन्मलेल्यांचा वंशाचा दावा आता साधारणपणे आई-वडील, आजी-आजोबांपर्यंतच चालतो. तुमच्या नातवाचे तर ते खापरपणजोबा. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रश्न : मूळ गाव बघायला जाताना फ्लॉरेन्सला थांबणार आहोत. तिथे कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे ना?
— मंगळवार पेठ

उत्तर : आहे, आणि चुकवू नका. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी महाराज तिथे वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. १८७४ साली तिथेच छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा अर्धपुतळा. जागा काशीने उद्यानाच्या पश्चिम टोकाला आहे आणि उद्यान साडेतीन किलोमीटर लांब. शहराच्या बाजूने शिरलात तर तेवढं चालावं लागेल, बरोबर वयस्कर कुणी असेल तर टॅक्सीला थेट 'पियात्साले देल्ल'इन्दियानो' सांगा.