अमेरिकेच्या कॅबिनेटचं कलम शोधताय? माझे आठ महिने त्यातच गेले

तुमची पोस्ट वाचली आणि माझं एम.फिल.चं दुसरं वर्ष डोळ्यांसमोर आलं. तुम्ही विचारलंय, 'अमेरिकेच्या राज्यघटनेतलं कोणतं कलम कॅबिनेट स्थापन करतं? कलम 2 चार वेळा वाचलं, शब्दच सापडत नाही.' सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. अध्यक्ष प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून लेखी मत मागवू शकतो, एवढंच आहे. एकत्र बसण्याचा उल्लेखही नाही. राज्यघटना लिहिणाऱ्या 1787 च्या परिषदेत प्रतिनिधी जॉर्ज मेसनने सहा जणांचं सल्लागार मंडळ सुचवलं होतं, ते फेटाळलं गेलं.

माझी मोठी चूक भाषांतरातली. 'कॅबिनेट'ला मी 'मंत्रिमंडळ' म्हटलं आणि त्याबरोबर आपलं कलम 74 (राष्ट्रपतीला सल्ला द्यायला मंत्रिपरिषद असेल, असं सांगणारं) डोक्यात घेऊन बसलो. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात हा फरक स्पष्ट सांगितलाय: अमेरिकेचा अध्यक्ष आपल्या सचिवांचा (म्हणजे खात्यांच्या प्रमुखांचा) सल्ला मानायला बांधलेला नाही, आपला राष्ट्रपती सर्वसाधारणपणे बांधलेला असेल. ते भाषण मी आधी वाचायला हवं होतं. मी 'कलम 2 आणि मंत्रिमंडळाची निर्मिती' असं प्रबंधाचं शीर्षक नोंदवून मोकळा झालो. आठ महिन्यांनी चूक कळली, तेव्हा शीर्षक बदलायचा अर्ज एका कार्यालयात दिला. नाव घेत नाही. समितीची बैठक दोनदा पुढे गेली, तिसऱ्यांदा माझा अर्जच फाइलला नव्हता. मी पोच घेतली नव्हती. एक पूर्ण सत्र गेलं, आणि ते सांगताना आजही घसा दाटतो. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता मुद्द्याचं. माझ्या मते (मी प्राध्यापक नाही, तुमच्या गाइडचं मत वेगळं असू शकतं) 'कोणी स्थापन केलं' यापेक्षा 'सल्ला द्यायला कोणी नकार दिला' हे विचारा.

पहिला नकार सिनेटचा. 22 ऑगस्ट 1789, न्यूयॉर्क. दक्षिणेकडच्या क्रीक वगैरे जमातींशी करायच्या करारावर सल्ला घ्यायला अध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः युद्ध खातं सांभाळणाऱ्या हेन्री नॉक्सला घेऊन सभागृहात आले. उपाध्यक्ष अ‍ॅडम्स कागद वाचू लागले, पण खालून गाड्या धडधडत जात होत्या. सिनेटर मॅक्ले यांनी रोजनिशीत लिहिलंय की एक वाक्य धड कळलं नाही. खिडक्या लावून पुन्हा वाचन झालं. मग सिनेटर रॉबर्ट मॉरिसने सगळं समितीकडे सोपवा असं सुचवलं. वॉशिंग्टन भडकले, माझ्या येण्याचा हेतूच यामुळे संपतो म्हणाले. सोमवारी ते परत आले, काम उरकलं, पण असा सल्ला घ्यायला पुन्हा कधी आले नाहीत.

खाती त्याच वर्षी कायद्याने झाली, पण खाती म्हणजे कॅबिनेट नव्हे. माझं पहिलं प्रकरण यावरच घसरलं होतं. फेब्रुवारी 1791 मध्ये राष्ट्रीय बँकेच्या विधेयकावर महान्यायवादी रँडॉल्फ, परराष्ट्र सचिव जेफर्सन आणि अर्थसचिव हॅमिल्टन यांची मतं वेगवेगळी, लेखीच मागवली होती. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना वॉशिंग्टननी सचिवांना कळवलं की गंभीर प्रसंग आला तर तुम्ही आपसात विचारविनिमय करा. सगळे त्यांच्यासमोर एकत्र बसू लागले ते त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून. बैठकीची खरी सवय लागली ती 1793 मध्ये, फ्रान्स-ब्रिटन युद्धामुळे. 18 एप्रिलला त्यांनी सचिवांना या युद्धाबाबत तेरा प्रश्न पाठवले, दुसऱ्या दिवशी सगळे बसले, 22 ला तटस्थतेची घोषणा.

दुसरा नकार त्याच उन्हाळ्यातला. वॉशिंग्टनच्या वतीने जेफर्सननी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपुढे 29 प्रश्न ठेवायचं ठरवलं, आणि सल्ला द्याल का असं विचारलं. 8 ऑगस्टला न्यायमूर्तींनी वॉशिंग्टनना पत्र लिहून सल्ला देणं नाकारलं आणि लेखी मत मागायचा तुमचा अधिकार खात्यांच्या प्रमुखांपुरताच दिसतो, असं सुचवलं. कलम 2 मधलं ते लेखी मताचं वाक्य इथे, या पत्रात, कामाला लागलेलं दिसेल.

पुस्तकं मागवत बसू नका. 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, जेफर्सन, हॅमिल्टनची पत्रं फुकट आहेत, तारखेनुसार शोधता येतात. आधी ते तेरा प्रश्न उघडा, मग 8 ऑगस्टचं पत्र. आणि शीर्षक अजून नोंदवलं नसेल, तर त्यात 'कलम' हा शब्द कृपा करून ठेवू नका.