वही तिची, अर्ज कुणाचा?

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबतचे फोटो त्याहून जास्त वेळा पाहिले. त्यांच्याबद्दल पुढं लिहिते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. उदगीरच्या मोंढ्यात तुमचं आडत दुकान आहे. लेक बारावी सायन्सला आहे. अकरावीत तिला लातूरला नीटच्या क्लासला घातलं होतं. दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही, ‘मला डॉक्टर व्हायचं नाही’ एवढंच म्हणाली. मग कितीतरी दिवस घरात अबोला. पुढं एका सल्लागाराकडून तुम्हाला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या छोट्या लिबरल आर्ट्स, म्हणजे कला-विज्ञानाचे सगळे विषय मोकळेपणानं निवडू देणाऱ्या, कॉलेजचं नाव कळलं. तिथं गेल्या काही वर्षांत अर्जांची रीघ लागली आहे आणि निवड फार कडक झाली आहे, हे ऐकून तुम्ही त्याच कॉलेजचा ध्यास घेतलात. सल्लागाराला पहिला हप्ता दिला. आता विचारताय की प्रोफाइल आणखी भक्कम कसं करायचं, आणि रस्त्यालगतची अडीच एकर काढावी का.

प्रोफाइलचं राहू द्या. मी तुमच्या दोन वाक्यांपाशी अडले आहे.

पहिलं वाक्य: ‘नीटच्या लाखभर जागा तरी असतात, इथं दहांत एकच घेतात. आता भावकीत कुणी विचारलं तर सांगायला तोंड आहे.’ लेकीनं क्लास सोडला त्याच वर्षी तुमच्या चुलतभावाचा मुलगा एमबीबीएसला लागला. तो सल तुम्ही मोकळेपणानं लिहिलात, ते फार बरं केलंत. बहुतेक बाप तो लपवतात. पण त्या सलावरचं औषध तुम्ही लेकीच्या अर्जात शोधताय. काल नीट होती, आज ग्रिनेल आहे. पोरीच्या पाठीवरची गोणी तेवढ्याच वजनाची राहिली, शिक्का तेवढा बदलला. तुमचं पत्र चार पानांचं आहे. ‘दहांत एक’ त्यात पाच वेळा आलंय. तिला कोणता विषय शिकायचाय, हे एकदाही नाही.

दुसरं वाक्य: ‘रोज सकाळी चहाच्या वेळी तिला आठवण करून देतो की तुझ्यापायी जमीन काढतोय, ध्यानात ठेव.’

भाऊ, हे आजपासून बंद करा. अगदी उद्याच्या चहापासून. लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेली मुलं माझ्याकडं येतात. जेवण सुटलंय, रात्र रात्र झोप लागत नाही, हे सांगायला त्यांना दोन-तीन भेटी लागतात, कारण पहिल्या भेटीत तोंडून निघतं ते ‘पप्पांनी कर्ज काढलंय’. उदगीरहून लातूर दीड-दोन तासांवर आहे, बाप संध्याकाळपर्यंत पोचू शकतो. आयोवातल्या थंडीत तुमची लेक आजारी पडली, एखादा विषय जमला नाही, नुसतं घरी यावंसं वाटलं, तर तुम्हाला फोन करील? अडीच एकर जिच्या नावानं गेलेत ती पोर नाही करणार. दात दाबून बसेल. तुम्ही हे प्रेमापोटी बोलताय, याबद्दल मला शंका नाही. तिच्या कानात मात्र ते उधारीसारखं पडतं.

तेव्हा जमिनीचं उत्तर सरळ देते: विकू नका. अशा कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. आपल्या पैशात चार वर्षांचे अडीच कोटींच्या पुढं होतात. ग्रिनेल निवडलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही गरजेप्रमाणे पैशाची मदत देतं, पण परदेशी मुलांची निवड करताना त्यांनी मदत मागितली आहे का, हेही पाहिलं जातं. म्हणूनच तुमच्या सल्लागारानं मार्ग सुचवला की मदत मागूच नका आणि नोव्हेंबरच्या बंधनकारक फेरीत अर्ज करा. त्या फेरीत निवड झाली की बाकी सगळीकडचे अर्ज मागं घेऊन तिथंच जावं लागतं. म्हणजे मदत मागितलेली नाही, दुसरा पर्याय उरलेला नाही आणि जमीन काढलेली आहे. मोंढ्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसानं असला सौदा स्वतःच्या दुकानासाठी केला असता का?

आता ‘दहांत एक’बद्दल. हा गैरसमज फक्त तुमचा नाही, पुण्या-मुंबईची शिकलेली माणसंही यात फसतात. २०१८ च्या सुमारास ग्रिनेल दर चार अर्जांमागे साधारण एकाला घेत होतं. २०२१ मध्ये दहांमागे जेमतेम एकाला घेतलं. तीन वर्षांत कॉलेज एवढं सुधारलं? नाही. महामारीच्या वर्षी अर्जासोबत सॅटसारख्या प्रवेशपरीक्षेचे गुण देणं ऐच्छिक झालं. अर्जाला फी नाही. एकाच कॉमन अर्जावर मुलं दहा-पंधरा कॉलेजांना टिचकी मारतात. शिवाय बंधनकारक फेरीतली मुलं नक्की येणारच असतात, त्यामुळं जागा भरायला कमी जणांना होकार द्यावा लागतो आणि टक्का आणखी खाली येतो. जागा आहेत तेवढ्याच आहेत. आता तुमच्याच भाषेत सांगते. सौद्याला सोयाबीनचा एक ढीग आहे, भोवती चार खरेदीदार उभे आहेत, माल चारांत एकाला मिळणार. बाहेरगावचे आणखी सहा आले, आता दहांत एकाला मिळणार. ढीग तोच आहे. ओलावा मोजायच्या मशीनवर आधी १२ दिसत होते, आताही १२ च दिसतात. डागी दाणे होते तेवढेच आहेत. गर्दी बघून तुम्ही माल घेत नाही, मूठ भरून वास घेता, दाणा दाताखाली फोडून बघता. लेकीच्या कॉलेजच्या बाबतीत एवढंही केलेलं नाही.

केलं असतं तर त्या ढिगात चांगला दाणाच सापडला असता. १८४६ साली स्थापन झालेलं कॉलेज, सतराशेच्या आसपास विद्यार्थी, गाव दहा हजारांच्या आतलं, चहूकडं मका आणि सोयाबीन. पहिल्या वर्षाचं एक ट्यूटोरियल सोडलं तर कोणताच विषय सक्तीचा नाही. विद्यार्थी आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकासोबत बसून विषय ठरवतो. ‘आर्ट्स’ म्हणजे सायन्स सुटलं, असंही नाही. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस १९४९ मध्ये इथूनच भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदवीधर झाले. कॉलेज उत्तम आहे. तुमच्या लेकीसाठी उत्तम आहे का, हा प्रश्न वेगळा, आणि तो अजून कुणी विचारलेला नाही.

आता फोटो. तुम्ही लिहिलंत, ‘तिला निबंध लिहायला सांगितलं तर असलं काहीतरी लिहिते, म्हणून सल्लागारांकडून करून घेतला.’ आणि पुरावा म्हणून तिच्या वहीची चौदा पानं पाठवलीत.

आधी सल्लागाराचा निबंध. त्यात तुमची लेक चाळीस बायकांना संघटित करून जलसाक्षरतेचं अभियान चालवते. तुम्हीच पुढं लिहिलंय की एका रविवारी आजीच्या गावी बायकांना पारावर बसवून तीन फोटो काढले. भाऊ, ही लबाडी आहे. त्या अर्जावर ‘हे लेखन माझंच आहे’ अशी सही पोरीला करावी लागते, तुम्हाला किंवा सल्लागाराला नाही. उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. नाही आलं, तरी सतराव्या वर्षी बापानं आपल्याला शिकवलेलं पहिलं मोठं काम कोणतं, हे तिच्या लक्षात राहणार.

आणि तिची वही! आजीच्या शेतातली विहीर. कासऱ्याला दर हातावर गाठ मारलेली, टोकाला फाळाचा तुटका तुकडा बांधलेला. दर रविवारी तो विहिरीत सोडायचा, कितव्या गाठीला पाणी लागलं ते लिहायचं. तारीख, गाठ, पाऊस झाला का. एका पानावर १७ खोडून १८ केलंय आणि बाजूला लिहिलंय, ‘आजीचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे, गाठी तिच्या हातानं मारल्यात, मीटरमध्ये करायला पाहिजे.’ नवव्या पानावर प्रश्न: ‘शेजारचा बोअर रात्रभर चालू असला की सकाळी हिरीचं पाणी अर्धा हात खाली असतं. बंद असला की नसतं. हिरीचं पाणी बोअरला कसं कळतं?’

मी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तुमची लेक सात-आठ वर्षांची असेल. त्या जिल्ह्यातली मुलगी कुणी न सांगता विहीर मोजते, स्वतःच्या मोजमापातली चूक स्वतः पकडते आणि प्रश्न विचारते. कुठल्याही चांगल्या कॉलेजला हेच हवं असतं, आणि तुम्ही नेमकं तेच खोडून टाकलंत. ‘असलं काहीतरी’ म्हणालात.

तिला भूजलाचं वेड आहे असं मला वही सांगते. खरं-खोटं तिला विचारा. तसं असेल तर सगळी वाटच बदलते. अमेरिकेतच जायचं तर मिनेसोटातल्या कार्लटनचा भूगर्भशास्त्र विभाग नावाजलेला आहे, तेही असंच छोटं कॉलेज. परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली म्हणून त्याला मागं न टाकणारी अ‍ॅमहर्स्ट, बोडन अशी मोजकी कॉलेजं आहेत, पण तिथली निवड याहून कडक आहे. अर्ज करायचा तर जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत, मदतीची खरी गरज दाखवून आणि तिच्याच शब्दांत. नकार येण्याची शक्यता जास्त आहे, हे तिला आधीच सांगा, आणि तो आला तर घरात सुतक पाळू नका.

माझं मत विचाराल तर आत्ता परदेश नको. फर्ग्युसनला भूगर्भशास्त्र आहे. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात मोकळ्या पद्धतीचं शिक्षण मिळतं आणि कुटुंबाच्या उत्पन्नानुसार फी माफ होते. पदवीनंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे, जॅम या प्रवेशपरीक्षेचा भूगर्भशास्त्राचा पेपर देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं, आणि केंद्रीय भूजल मंडळातल्या जागा यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात. एमएचटी-सीईटी आणि सीयूईटी या प्रवेशपरीक्षांचे फॉर्म भरून ठेवा, त्यात काही बिघडत नाही. परदेशात संशोधनाला जायचं तर तेव्हा जाईल, शिष्यवृत्ती घेऊन. जमिनीचा सातबारा तुमच्या नावावर राहील.

सल्लागाराचा दुसरा हप्ता देऊ नका. वही तिला परत द्या, आणि तिला न विचारता वहीचे फोटो मला पाठवलेत हेही सांगून टाका. या पत्राचा पुढचा भाग तिच्यासाठी आहे. तो तिला वाचू द्या, तुम्ही वाचून दाखवू नका.

बाळ, तुझी वही तुला न विचारता वाचली, त्याबद्दल माफ कर. पण तुझ्या नवव्या पानाचं उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचा काळा खडक बेसॉल्ट आहे. घट्ट कातळात पाणी शिरत नाही. झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत ते साठतं आणि तिथूनच वाहतं. बोअर चालू झाला की त्याच्याभोवतीची पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खचते. तुझ्या आजीची विहीर त्याच भेगेवर असेल तर नरसाळ्याची कड तिच्यापर्यंत पोचते आणि पाणी खाली जातं. बोअर बंद झाला की ते हळूहळू भरून येतं. ही शक्यता झाली. ती खरी आहे का, हे तुझ्या आकड्यांतून कळेल, माझ्या सांगण्यावरून नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तू दर रविवारी मोजतेस. तुझ्या वहीत त्यांच्याकडं नसलेलं काहीतरी असणार.

गाठी टेपनं मोजून मीटरमध्ये करून घे, जुने आकडे मात्र खोडू नको, शेजारी नवे लिही. मोजायची वेळ एकच ठेव. आणि शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा असते कधी रात्री, त्यावर तो बोअर चालतो. तेव्हा येत्या रविवारी कासरा सोडायच्या आधी लिही: आदल्या रात्री लाईट कधी आली, कधी गेली.