वाचकांचे प्रश्न : कुंभकाची घाई

प्राणायाम आणि ध्यान यांच्या संबंधाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. चारही पत्रे वडोदऱ्यातील वाचकांची आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील तक्रार अलीकडे माझ्याकडे वारंवार येते आणि ती वेळीच दूर झाली नाही, तर साधकाचा साधनेवरील विश्वासच उडतो.

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहतो. वय ६६, बँकेतून निवृत्त. गेल्या पाच महिन्यांपासून मोबाईलवरील व्हिडिओ पाहून पहाटे अनुलोम-विलोम करतो. हळूहळू वाढवत आता चार मात्रा (मनात मोजलेले अंक) पूरक म्हणजे श्वास घेणे, सोळा मात्रा कुंभक म्हणजे श्वास रोखणे आणि आठ मात्रा रेचक म्हणजे श्वास सोडणे या प्रमाणापर्यंत आलो आहे. परंतु त्यानंतर डोके जड होते, दिवसभर चिडचिड होते आणि ध्यानाला बसलो की मन पूर्वीपेक्षा जास्त धावते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. माझे कुठे चुकते?

उत्तर : उद्या पहाटेपासून कुंभक पूर्णपणे बंद करा आणि आपण इतके दिवस तो करत होतात, हे आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही सूचना आधी केली, कारण बाकीचे विवेचन सावकाश वाचले तरी चालेल. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, अपस्मार, हर्निया यांपैकी काही असल्यास, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा गर्भारपणात श्वास रोखून धरण्याचा अभ्यास करू नये.

आपल्या निष्ठेत काही उणे नाही. चुकला आहे तो क्रम. एकास चार आणि दोन हे प्रमाण परंपरेत सांगितले आहे, हे खरे. पण ते वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर, आहार, आसन आणि नाडीशुद्धी साधल्यावर, गुरूच्या नजरेखाली यावे असे आहे. 'हठप्रदीपिका' या हठयोगावरील ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात त्याचे कर्ते स्वात्माराम म्हणतात की, सिंह, हत्ती आणि वाघ जसे 'शनैः शनैः' वश होतात, तसाच प्राणवायूही सावकाश वश करावा, एरवी तो साधकाचाच घात करतो. हा श्लोक शिकवण्याच्या ओघात अनेकदा म्हटला जातो, पण त्यातील 'शनैः' हा शब्द दोनदा का आला आहे, याचा विचार फार थोडे लोक करतात.

कुंभक आपल्या शक्तीपलीकडे गेला आहे की नाही, हे मात्रांवरून कळत नाही. ते रेचकावरून कळते. रोखलेला श्वास तेलाच्या धारेसारखा अखंड, संथ बाहेर पडला आणि त्यानंतरचा पूरक कोणत्याही ओढीशिवाय सुरू झाला, तर समजावे की अभ्यास पेलतो आहे. याउलट रेचक धक्क्याने सुटला किंवा पुढचा श्वास छातीने हिसकावून घेतला, तर आधीचा कुंभक मोठा होता, मग तो सोळा मात्रांचा असो की सहा. श्वास रोखला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र 'श्वास घे' असा तगादा लावते. छाती आणि कंठ आवळून तो तगादा दाबून धरला, तर छातीतील दाब बदलतो, रक्तदाब चढ-उतार करतो आणि सारे शरीर संकटात सापडल्यासारखे जागे होते. अशा अवस्थेत शरीराला थेट ध्यानाला बसवले, तर मन धावणारच. अर्धा तास आपण त्याला झगडण्याचेच शिक्षण दिलेले असते.

हे मी केवळ पुस्तकी माहितीवरून लिहीत नाही. चोविसाव्या वर्षी मीही पुस्तक समोर ठेवून मात्रा मोजत असे आणि आकडा वाढला की साधना वाढली असे मानत असे. दोन महिन्यांतच रात्री छातीत धडधड होऊ लागली आणि झोप नाहीशी झाली. नर्मदाकाठच्या ज्या वृद्ध साधकांकडे मी अखेर गेलो, त्यांनी माझे मोजणे सहा महिने काढून घेतले आणि फक्त श्वास पाहायला सांगितले. तेव्हा ती मला शिक्षा वाटली होती. आज माझ्या साधनेत जे काही टिकले आहे, ते त्या सहा महिन्यांतले आहे.

आपणही तिथूनच पुन्हा सुरुवात करावी. पहिले तीन-चार आठवडे पाठीचा कणा सरळ ठेवून, खुर्चीवर बसले तरी चालेल, दहा मिनिटे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. तो बदलू नये, सुधारू नये. थंड हवा आत येते आणि किंचित उबदार होऊन बाहेर जाते, एवढे जाणवू लागले की पोटाने श्वास घेण्याकडे वळावे: एक हात बेंबीवर ठेवून, श्वास घेताना हात पुढे सरकतो आणि सोडताना मागे येतो, हे पाहावे. पूरक आणि रेचक समान असावेत, चार मात्रांचे पुरे आहेत. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला साधारणपणे १२ ते २० श्वास घेतो. या अभ्यासाने तो वेग आपोआप उतरू लागतो. उतरवण्याचा हट्ट धरू नये.

त्यानंतर रेचक लांबवावा. चारास सहा, आणि काही आठवड्यांनी सहजपणे जमल्यास चारास आठ. माझ्या मते ध्यानाची तयारी म्हणून या एकाच पायरीचे मोल इतर सर्व पायऱ्यांपेक्षा अधिक आहे आणि सर्वाधिक दुर्लक्ष होते तेही हिच्याकडेच, कारण तिच्यात दाखवण्यासारखे काही नाही. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या प्राणदा चेतातंतूचा प्रभाव वाढून हृदयाची गती किंचित मंदावते; मनगटावर बोट ठेवून दीर्घ रेचक केला, तर पुष्कळांना ते स्वतःलाच जाणवते. लांब रेचकाने आपण शरीराला दर मिनिटाला काही वेळा 'आता धोका नाही' असे कळवत असतो. हे स्थिर झाले की नाडीशोधन सुरू करावे. तर्जनी आणि मध्यमा दुमडून, अंगठा उजव्या व अनामिका डाव्या नाकपुडीशी ठेवावी. डावीने घ्यावे, उजवीने सोडावे, उजवीने घ्यावे, डावीने सोडावे, हे एक आवर्तन. अशी दहा-बारा आवर्तने, कुंभकाशिवाय, निदान तीन महिने करावीत. नाक चोंदलेले असेल, त्या दिवशी बोटांचा वापर न करता नुसता श्वास पाहावा.

यापुढे कुंभक येतो. आपल्या बाबतीत, रक्तदाब असेपर्यंत, तो आला नाही तरी चालेल आणि त्यामुळे आपले आध्यात्मिक नुकसान होणार नाही. पतंजलींनी 'योगसूत्रां'च्या दुसऱ्या पादात प्राणायामाला देश, काल आणि संख्या यांची मापे दिली, पण त्याचे फळ सांगताना 'दीर्घ' या शब्दाला 'सूक्ष्म' हा शब्द जोडला. श्वास लांब झाला, पण सूक्ष्म झाला नाही, तर अर्धेच काम झाले. आणि त्याच पादात तीन सूत्रांनंतर ते या सगळ्याचा हेतू सांगतात: 'धारणासु च योग्यता मनसः', म्हणजे मन धारणेला, एका ठिकाणी स्थिर राहण्याला, योग्य होते. प्राणायाम मनाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. तेव्हा शेवटच्या आवर्तनानंतर लगेच उठून चहाकडे जाऊ नये. मोजणे सोडून, बोटे खाली घेऊन, श्वासाला त्याच्या मर्जीने वाहू द्यावे आणि दहा मिनिटे तसेच बसावे. ध्यान या दहा मिनिटांत सुरू होते.

प्रश्न : मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो. भस्त्रिका आणि कपालभाती वेगाने केल्यावर हातपाय झिणझिणतात, डोक्यात हलकेपणा येतो. मित्र म्हणतात, जास्त ऑक्सिजन मिळाल्यामुळे शक्ती जागृत होते आहे. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनयुक्त असते. तिथे आणखी भर घालायला जागाच फारशी नसते. जलद श्वासाने घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्ताचा अम्ल-आम्लारी समतोल बदलून बोटे, ओठ झिणझिणू लागतात. या अनुभवाला कुंडलिनी समजून त्याच्या मागे लागणे म्हणजे घेरी येण्याला समाधी समजणे होय. झिणझिण्या येताच थांबावे. कपालभातीविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी की, 'हठप्रदीपिके'त तिची गणना आठ कुंभकांत, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांत, नाही, षट्कर्मांत आहे. ती शुद्धिक्रिया आहे, ध्यानाची पायरी नव्हे.

आपण विज्ञानाचे विद्यार्थी असाल असे पत्रावरून वाटते, म्हणून आपल्या परिसरातील एका माणसाची आठवण करून देतो. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ मध्ये डभोईला झाला. वडोदऱ्यात प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी शरीर कमावले आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजी महाराजांकडून योग शिकले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून त्यांनी योगक्रिया क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रांखाली तपासायला घेतल्या. श्रद्धावान साधक असूनही त्यांनी 'असे वाटते' हे पुरेसे मानले नाही. आपल्या मित्रांच्या म्हणण्याकडे आपणही त्याच दृष्टीने पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : श्रीअरविंदांनी वडोदऱ्यात प्राणायाम केला आणि नंतर सोडून दिला, असे ऐकले. मग आम्ही तो का करावा? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात येथे होते. चांदोदजवळच्या गंगानाथ येथील ब्रह्मानंदांच्या एका शिष्याकडून त्यांनी प्राणायामाची माहिती घेतली आणि पुढे दिवसाला पाच-सहा तास अभ्यास केला. त्याचे फळ त्यांनी स्वतः प्रांजळपणे नोंदवले आहे: प्रकृती सुधारली, काव्य ओघाने येऊ लागले, काही सूक्ष्म दर्शने झाली, याहून अधिक काही झाले नाही आणि प्रगती थांबली. पुढे बंगालच्या राजकारणात गुंतल्यावर प्राणायाम अनियमित झाला आणि त्यांना मोठे आजारपण आले. त्यानंतर जानेवारी १९०८ मध्ये, सुरतच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, त्यांची येथे विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी भेट झाली. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील वरच्या मजल्यावर दोघे तीन दिवस एकांतात बसले. लेल्यांनी श्वासाविषयी काही सांगितले नाही. विचार बाहेरून येताना पाहा आणि आत शिरण्याआधीच त्यांना परतवा, एवढेच सांगितले. तीन दिवसांत श्रीअरविंदांचे मन निःशब्द झाले.

या घटनेतून काही जण प्राणायाम व्यर्थ आहे असा अर्थ काढतात. मला त्यातून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली अशी की, श्वासावर कितीही तास घालवले तरी मनाकडे पाहण्याचे काम उरतेच. ते काम प्राणायाम आपल्या वतीने करून देत नाही. दुसरी अशी की, तीव्र अभ्यास सुरू करून नंतर तो अर्धवट ठेवणे हे मुळात न करण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. म्हणून संसारी साधकाने रोज पाळता येईल तेवढाच अभ्यास ठरवावा. तीन दिवसांत मन शांत होणे ही श्रीअरविंदांच्या अधिकाराची गोष्ट होती; तुमच्या-माझ्यासारख्याला चंचल मन घेऊन थेट विचारांसमोर बसणे जमत नाही, आणि तेवढ्यासाठीच श्वासाचा आधार हवा असतो.

प्रश्न : सकाळी सासऱ्यांचा चहा, मुलांचे डबे, नंतर शाळेची व्हॅन. पहाटेची शांत वेळ मला मिळतच नाही. मी फक्त नामजप करते. त्यात प्राणायाम कसा आणावा? (एक गृहिणी, कारेलीबाग)

उत्तर : ताई, तो त्यात आधीच आहे. शांतपणे, ओढून न ताणता केलेल्या जपाने श्वास आपोआप संथ होतो. २००१ मध्ये इटालियन संशोधकांनी जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तेव्हा दोन्हींत तो मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरलेला आढळला. म्हणजे मात्रा मोजण्याचे काम नामच करत असते.

व्हॅन गेल्यावर घरात जी पंधरा मिनिटे मिळतात, ती आपली पहाट समजावी. मात्र नाश्ता त्याआधी करू नये, किंवा केला असल्यास दोन-तीन तास थांबावे. पूरकात नाम मनातल्या मनात एकदा आणि रेचकात दोनदा घ्यावे. रेचक दुप्पट करण्यासाठी वेगळे मोजायला नको. मन स्वयंपाकघराकडे गेले, तर पुढच्या रेचकापासून पुन्हा नाम धरावे. पाच मिनिटे भ्रामरीही करता येईल: ओठ मिटून, रेचकात भुंग्यासारखा हलका गुंजार करावा. बाहेर रस्त्यावर आवाज असला तरी आतला नाद लक्ष धरून ठेवतो, हा तिचा विशेष उपयोग. वैशाख-ज्येष्ठात येथे उकाडा असह्य होतो, तेव्हा भस्त्रिका, सूर्यभेदन यांच्या वाटेला जाऊ नये. भ्रामरी आणि जप बाराही महिने चालतात. सासरे प्रकृतीने ठीक असतील, तर त्यांनाही चहाआधी पाच मिनिटे सोबत बसायला सांगून पाहावे.