फॉन्ट टॅग शिकवणाऱ्या क्लासचं काय करायचं?

प्रश्न : मुलगी बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. गावातल्याच एका क्लासला वेब डिझाइनसाठी घातली, फी पूर्ण भरली. पुण्यात नोकरी करणारा भाचा म्हणतो, तिथे शिकवतात ते फॉन्ट टॅग वगैरे सगळं जुनाट आहे, तिला थेट रिॲक्ट हे वेबसाइट बांधायचं नवं साधन शिकू दे. सर म्हणतात, आधी जुनं मग नवं, म्हणजे पाया पक्का होतो. ऐकायचं कोणाचं?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, मुलीच्या पानाची तुम्ही पाठवलेली फाइल उघडली. ‘माझे गाव’ हे लाल शीर्षक मार्की या मजकूर सरकवणाऱ्या टॅगमध्ये (टॅग म्हणजे ब्राउझरला सूचना देणारी खूण) पळतंय, अक्षर फॉन्ट टॅगने मोठं केलंय आणि मेनू, मजकूर, फोटो असे तीन कप्पे टेबलात बसवलेत. कॉम्प्युटरवर ठीक दिसलं. मोबाईलवर उघडलं तर अख्खं पान आक्रसून अक्षरं मुंगीएवढी झाली. पान मोबाईलच्या रुंदीत बसवायला व्ह्यूपोर्टची एक ओळ लिहायची असते, ती तिला कोणी सांगितलेलीच नाही.

सरांचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं, पण फॉन्ट टॅग म्हणजे पाया नव्हे. वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या डिसेंबर १९९७च्या चौथ्या आवृत्तीनेच (एचटीएमएल ४) तो टाळायला सांगितला आणि रंग-आकाराचं काम सीएसएस या सजावटीच्या भाषेकडे दिलं. एचटीएमएल ५ मध्ये तो बादच झाला. मार्की आणली इंटरनेट एक्सप्लोररने. तो ब्राउझरसुद्धा जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे स्वतःच्या जन्माआधी मोडीत निघालेली गोष्ट मुलगी आज वहीत उतरवून घेते आहे!

हे शीर्षक, हा परिच्छेद, हा मेनू, असं ब्राउझरला नेमकं सांगता येणं हा खरा पाया. तिचं लाल शीर्षक तुम्हाआम्हाला शीर्षक दिसतं. अंध व्यक्तीला पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो साधा मजकूरच. तेच एच१ या शीर्षकाच्या टॅगमध्ये लिहिलं की त्या व्यक्तीला थेट तिथे पोचता येतं.

मी स्वतः टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल अशी पानं बांधायला शिकलो. शिकायला महिना लागला, सवय मोडायला दोन वर्षं. (टेबलाशी माझं वैर नाही. गुणपत्रिका, एसटीचं वेळापत्रक टेबलातच शोभतं.) पानाच्या मांडणीसाठी आता सीएसएसमध्येच फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड आहेत, ग्रिड तर २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतं. नोकरीत जुना कोड समोर येईलच, पण नवं नीट येणाऱ्याला तो वाचायला आठवडा पुरतो.

भाच्याचं अर्धंच ऐका. रिॲक्टमधूनही शेवटी ब्राउझरपुढे एचटीएमएलच येतं. ते कच्चं असेल तर चूक कुठे झाली हेच पोरीला कळणार नाही.

क्लास सोडू नका, पैसे गेलेच आहेत. सरांना मात्र तिने नम्रपणे विचारावं, ‘हेच सीएसएसने कसं करायचं?’ घरी रोज तासभर एमडीएन या वेब शिकवणाऱ्या संकेतस्थळाचं एक पान वाचावं. फुकट आहे, इंग्रजीत आहे, पहिले पंधरा दिवस जड जाईल. आणि आज रात्रीच ही फाइल डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे चुका तपासणाऱ्या साधनात, टाकून बघ म्हणावं. चुकांची भलीमोठी यादी येईल, घाबरायचं नाही.

मग नाव आणि फोन नंबर विचारणारा एक साधा फॉर्म करायला सांगा. ‘नाव’ या शब्दावर क्लिक केल्यावर कर्सर शेजारच्या चौकटीत गेला पाहिजे. त्या शब्दाचं लेबल चौकटीशी नीट जोडलं तरच जातो. जमलं की ती फाइल मला पाठवा. या वेळी मी आधी मोबाईलवरच उघडेन.