सर्व्हिसिंगनंतर एसीतून टर्र-टर्र येतीय, कॉम्प्रेसर बदलू का? – बदलायच्या आधी हे बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. दीड टनाचा स्प्लिट एसी, साधा म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, पाच वर्षं झालेली, मागच्या आठवड्यात जेट पंपाने सर्व्हिसिंग करून घेतलं आणि दुसऱ्याच रात्रीपासून आतल्या युनिटमधून टर्र-टर्र, मधूनच बाहेरून खडखड, मुलाची बारावी आहे आणि त्याला झोप नाही, आणि ज्याने सर्व्हिसिंग केलं तोच आता म्हणतोय की कॉम्प्रेसर गेला. मी या कामात १८ वर्षं काढलीत, आधी दुकानात हेल्पर म्हणून आणि नंतर स्वतःचं, त्यावरून सांगतो, आज लगेच कॉम्प्रेसरला हो म्हणू नका. कॉम्प्रेसर बसलेला असतो बाहेरच्या युनिटमध्ये. टर्र-टर्र येतीय आतून. मग ती कॉम्प्रेसरची असेल कशी?

आधी एक काम करा, याला पाना-पक्कड काही लागत नाही. एसी रिमोटने बंद करा, पाच-सात मिनिटं थांबा, मग चालू करून मोडचं बटण दाबत दाबत फॅन मोडवर आणा. फॅन मोडमध्ये कॉम्प्रेसर बंद असतो, बाहेरचा पंखाही बंद असतो, फक्त आतला ब्लोअर फिरतो. घरातला पंखा, टीव्ही सगळं बंद करून ऐका. टर्र-टर्र तशीच येत असेल तर दोष आतल्या युनिटमध्येच आहे, कोणी काहीही सांगो. आता स्पीड लो वरून हाय वर न्या. आवाजाची लय स्पीडबरोबर वाढली की समजायचं जे काही वाजतंय ते ब्लोअरबरोबर फिरतंय किंवा त्याला घासतंय. ही एवढी परीक्षा करायला दहा मिनिटं लागतात आणि निम्मं निदान तिथेच होतं, पण घाईत असलेला मेकॅनिक ती करत नाही आणि गिऱ्हाइकाला माहीत नसते.

तुमच्या बाबतीत सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवसापासून आवाज सुरू झालाय ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्लोअर म्हणजे आतल्या युनिटमध्ये आडवं बसवलेलं प्लास्टिकचं लांब नळकांडं, त्याला बारीक बारीक शेकडो पाती असतात. उजव्या किंवा डाव्या, ज्या बाजूला मोटर असेल तिकडे तो मोटरच्या शाफ्टवर एका स्क्रूने आवळलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला रबरात बसवलेल्या छोट्या बुशवर (म्हणजे बेअरिंगवर) टेकलेला असतो. वर्षभरात त्या पात्यांच्या आतल्या बाजूला काळा ओलसर मळ बसतो. जेट मारणाऱ्याने समोरून पाणी मारलं, अर्धी पाती धुतली गेली आणि अर्ध्यांवर मळ राहिला, की ब्लोअरचं वजन एका बाजूला जातं आणि तो फिरताना थरथरतो. पंख्याच्या एकाच पात्यावर चिखल थापला तर काय होईल, तसंच. किंवा ब्लोअर काढून धुतला असेल आणि परत बसवताना शाफ्टवर दोन-चार मिलिमीटर सरकून बसला असेल, मग त्याची कड बॉडीला घासते आणि नेमकी अशीच टर्र-टर्र येते. किंवा तो स्क्रू नीट आवळलेलाच नाही. अजून एक शक्यता म्हणजे जेटचं पाणी बुशमध्ये गेलं आणि आतलं ग्रीस धुतलं गेलं, पण तेव्हा आवाज टर्र-टर्र नसतो, चिरका असतो, रात्री गार झाल्यावर सुरू करताना जास्त येतो आणि थोड्या वेळाने कमी होतो.

घरच्या घरी एवढं बघता येईल. एमसीबी, म्हणजे बोर्डवरचा एसीचा मेन स्विच, पाडा (नुसता रिमोट बंद करून हात घालू नका), हवा येते तिथली आडवी पट्टी हलकेच उघडा, मोबाइलचा टॉर्च मारा आणि बोटाने ब्लोअर सावकाश एक फेरा फिरवून बघा. मोकळा फिरला पाहिजे. एका ठिकाणी अडतोय, घासतोय असं बोटाला लागलं, किंवा टॉर्चमध्ये अर्धी पाती पांढरी आणि अर्धी काळी दिसली, तर फोटो काढून ठेवा. स्क्रू आवळायला पात्यांच्या फटीतून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घालावा लागतो, ते काम मात्र मेकॅनिकला करू द्या, जोर लागला की पातं तुटतं, आणि एक पातं तुटलं की बॅलन्स कायमचा गेला, अख्खा ब्लोअर बदलावा लागतो. त्याच माणसाला बोलवा आणि सरळ सांगा, दादा, फॅन मोडवर पण आवाज येतोय, ब्लोअर काढून पूर्ण धुऊन परत बसवून द्या. सर्व्हिसिंगनंतर झालेलं आहे त्यामुळे त्याचे वेगळे पैसे मागायला नकोत.

अजून एक बघा, आतलं युनिट खालच्या कडेला हाताने भिंतीकडे दाबून धरा. आवाज थांबला तर युनिट मागच्या पत्र्याच्या प्लेटवर नीट अडकलेलं नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी खालचे लॉक सोडलेले असतात आणि परत दाबायचे राहून जातात, हे मी कितीतरी घरी बघितलंय. आणि आवाज सलग नसून ठराविक वेळाने कट-कट-कट असा येत असेल तर स्विंग बंद करून बघा. हवा वरखाली करणाऱ्या पट्टीची छोटी मोटर असते, पट्टी खाचेतून निसटली की मोटरचे दात सरकतात आणि कटकट होते. पट्टी नीट बसवली की संपलं.

आता बाहेरची खडखड. ती वेगळी भानगड आहे, दोन्ही एकत्र आल्यामुळे एकाच दोषाच्या वाटतात. ती कूलिंग चालू असतानाच येते का हे आधी बघा. तसं असेल तर कारणं अशी: वरच्या पत्र्याचे स्क्रू सैल, पंख्याच्या जाळीचा स्क्रू सैल, आतल्या दोन तांब्याच्या नळ्या एकमेकींना टेकून वाजतात, कॉम्प्रेसरच्या पायाखालची रबरं कडक होऊन चिरलेली, नाहीतर भिंतीवरचा अँगल गंजलेला. खाडीजवळ किंवा समुद्राजवळ राहत असाल तर अँगल बघाच, खाऱ्या हवेने बोल्ट आतून पोकळ होतात, वरून रंग शाबूत दिसतो. आणि आपल्याकडे कबुतरं. बाहेरच्या युनिटच्या मागे आणि खाली घरटं करतात, काटक्या, तारांचे तुकडे आत जातात आणि पंख्याच्या पात्याला एकेक लागून कडकडकड असं वाजतं, सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखं. नळ्या टेकत असतील तर मध्ये इन्सुलेशनच्या फोमचा तुकडा लावून टायने बांधायचं, एवढाच इलाज.

पण हे सगळं खिडकीतून वाकून बघायचं नाही. मी हे मनापासून सांगतोय. बाहेरच्या युनिटसाठी छज्ज्यावर उतरलेली माणसं पडून गेलीत, आमच्या ओळखीतला एक मुलगा चौथ्या मजल्यावरून पडला. जो येईल त्याला बेल्ट लावूनच उतरू द्या, तो नको म्हणाला तरी. आणि मुलाला "जरा बघ रे बाहेर" असं अजिबात सांगू नका.

कॉम्प्रेसर खरंच गेलाय का हे कसं कळतं, तेही लिहितो म्हणजे समोरच्याला विचारता येईल. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना आणि बंद होताना एकदा 'धप्प' करून हलतो, ते नॉर्मल आहे. सुरू होताना नुसताच 'हूंऽऽ' असा घुमल्यासारखा आवाज येतो, काही सेकंदांत टक होऊन बंद पडतो आणि थोड्या वेळाने परत तेच, असं असेल तर आधी कपॅसिटर तपासायचा. कॉम्प्रेसरचा कपॅसिटर कमजोर झाला की कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर मिळत नाही, तो अडकतो आणि ओव्हरलोड (जास्त करंट गेला की तोडणारा छोटा स्विच) त्याला बंद करतो. कपॅसिटरवर किती मायक्रोफॅरड ते छापलेलं असतं, मीटर लावून मोजलं की पाच मिनिटांत कळतं, आणि कॉम्प्रेसरच्या मानाने तो किरकोळ पैशात येतो. तुम्ही स्वतः त्याला हात लावू नका, लाइट बंद केल्यावरही त्यात करंट साठून असतो. मे महिन्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही हाच 'हूंऽऽ' येतो, कॉम्प्रेसर चांगला असतो आणि दोष लाइनचा असतो, तेव्हा व्होल्टेज पण मोजायला सांगा. मेकॅनिकला म्हणा, क्लॅम्प मीटर लावून किती अँपिअर घेतोय ते दाखवा. दीड टनाचा साधा एसी साधारण ७ अँपिअरच्या आसपास चालतो, तुमच्या युनिटच्या बाजूच्या लेबलवर नेमका आकडा असतो त्याच्याशी जुळवा. त्यापेक्षा खूप जास्त घेत असेल, आतून लोखंड घासल्यासारखी सलग घरघर असेल आणि एमसीबी पडत असेल, तर मग कॉम्प्रेसरचा विषय. तुम्ही लिहिलंय की खोली गार होतेय, एमसीबी पडत नाही. मग आकडा दाखवल्याशिवाय मान्य करू नका.

दुसऱ्या एका ताईंनी खाली विचारलंय की त्यांच्या एसीतून रात्री पाण्यात बुडबुडे आल्यासारखं पक-पक वाजतं. हे आमच्याच घरी झालं होतं. सातवा मजला, आईच्या खोलीतला एसी. आई म्हणायची भिंतीत कोणीतरी बोटं मोडतंय. मी ब्लोअर बघितला, प्लेट बघितली, सगळं जागेवर. मग दोन दिवस आईच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो तेव्हा लक्षात आलं की आवाज आठ वाजता सुरू होतो आणि नऊला थांबतो, म्हणजे स्वयंपाकघरात पोळ्या चालू असतात आणि चिमणी फुल स्पीडवर असते तेवढाच वेळ. खिडक्या दारं सगळी घट्ट बंद, एसी चालू म्हणून. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तिला बाहेरून हवा यायला वाटच नाही, मग ती एसीच्या ड्रेन पाइपमधून आत खेचली जाते आणि ट्रेमधल्या पाण्यातून फुटत फुटत येते. स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडली आणि आवाज तिथल्या तिथे बंद झाला. आई खोलीतून ओरडली, "थांबलं रे!" नंतर ड्रेन पाइपच्या बाहेरच्या टोकाला यू आकाराचं वळण दिलं, त्यात पाणी राहतं आणि हवा अडते. हिवाळ्यात एसी बंद असला की ते वळण सुकतं, मग एसी परत सुरू केल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडं वाजतं. त्याला घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नका, कारण हवा जोरात आत येत असेल तर पाणी बाहेर पडत नाही आणि भिंतीवर ओघळ येतात.

बाकी एसी सुरू-बंद होताना प्लास्टिक गार-गरम होऊन टक-टक करतं, बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटं सूं असा गॅस वाहिल्याचा आवाज येतो, इन्व्हर्टर एसीला लाइट आल्याबरोबर बाहेरून टर्रर्र येते ती व्हॉल्व्ह जागेवर येतानाची, हे सगळं ठीक आहे. स्टॅबिलायझर भिंतीत टक-टक करत असतो आणि लोक एसीला दोष देतात, तेही कान लावून बघा. फक्त सूं आवाज सलग येत असेल, गारवा कमी झाला असेल आणि आतल्या कॉइलवर किंवा बाहेरच्या बारीक नळीवर बर्फ दिसत असेल, तर गॅस गळतोय. तेव्हा नुसता गॅस भरून घेऊ नका, आधी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधायची, ती बंद करायची, मग व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा काढून घेणं) आणि मग गॅस. नव्या बऱ्याच एसीत आर ३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, म्हणून गॅस आत असताना वेल्डिंगची ज्योत लावू द्यायची नाही आणि काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवायच्या.

ताई, तुम्ही आज रात्री फॅन मोड लावून बघा आणि लो-हाय करताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून इथे टाका, म्हणजे घासतंय की थरथरतंय ते मी ऐकून सांगतो. तोपर्यंत मुलाच्या खोलीत फॅन स्पीड लो वर ठेवा, थरथर असेल तर त्याने बरीच कमी होईल.