छळछावणीतून सुटलेल्या तरुण ज्यूंनी इतक्या लगेच लग्नं कशी केली?

तुमचे प्रश्न तीन आहेत. छळछावण्यांतून वाचलेल्या तरुण ज्यूंना वर्षभराच्या आत लग्नं करायला सुचलं कसं, नंतर ते गेले कुठे, आणि कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी त्यांचीच होती का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’, पण ते शेवटी.

लगेच लग्नं झाली हे अगदी खरं. बर्गन-बेल्सन ही जर्मनीतली छळछावणी १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिशांनी मुक्त केली. शेजारीच निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि तिथे १९४६ या एका वर्षात हजारावर लग्नं लागली. पुढच्या दोन-चार वर्षांत त्या छावणीत दोन हजारांहून जास्त मुलं जन्मली.

‘प्रेमाने मरणावर मात केली’ छापाचे लेख यावर ढिगाने मिळतील. मला ते पटत नाहीत. वाचलेल्यांत म्हातारे नव्हते, लहान मुलं जवळजवळ नव्हती. राहिले होते ते बहुतेक तरुण, आणि प्रत्येकजण एकटा. आजारी पडलं तर पाणी द्यायला कोणी नाही, गावचं घर दुसऱ्याने बळकावलेलं. अशा वेळी त्याच गावचा, तीच भाषा बोलणारा कोणी भेटला की आठ-पंधरा दिवसांत ठरून जायचं. मुलीकडचे कोण आणि मुलाकडचे कोण, हा प्रश्नच नव्हता. ज्यू लग्नात वधूवरांना मांडवाखाली आईवडील नेतात. इथे छावणीतलंच कोणीतरी त्या जागी उभं राहायचं. काही जोडपी नंतर एकमेकांशी कायमची अबोल झाली, काहींनी साठ वर्षं संसार केला.

अडचण धर्मशास्त्राचीही होती. नवरा मेल्याचा पुरावा नसेल तर ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे बायकोला पुन्हा लग्न करता येत नाही. ऑशविट्झसारख्या मृत्युछावणीत मेलेल्याचा दाखला कोण देणार? मग छावण्यांतले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, साक्षी नोंदवायला बसले. तुझ्या नवऱ्याला शेवटचं कोणी पाहिलं, तो कुठल्या रांगेत होता, ती रांग कुठे गेली. अशा साक्षींवर बायकांना मोकळं केलं गेलं. हे काम फारसं कोणाला माहीत नाही, आणि मला ते प्रत्यक्ष लग्नांहून मोठं वाटतं.

एक लग्न जरा जवळून सांगते. लिली नावाच्या मुलीला पांढऱ्या झग्यातच लग्न करायचं होतं. १९४६ च्या जानेवारीत, जर्मनीत, कापड आणणार कुठून? तिचा होणारा नवरा लुडविग फ्रीडमन याने एका माजी जर्मन वैमानिकाकडून पॅराशूट मिळवलं, बदल्यात कॉफी आणि सिगारेटी देऊन. तेव्हा नोटांपेक्षा सिगारेटीला भाव होता. छावणीतल्या एका शिवणारणीने त्या पॅराशूटचा लांब बाह्यांचा झगा शिवला आणि उरलेल्या कापडात नवरदेवाचा शर्ट बसवला. लग्न बेल्सनजवळच्या त्सेले गावात लागलं. पुढे तोच झगा लिलीची बहीण आणि इतर कित्येक मुली घालून बोहल्यावर चढल्या.

दुसरी गोष्ट गेर्डा वाइसमानची. १९४५ च्या मे महिन्यात चेकोस्लोव्हाकियातल्या व्होलारी गावात ती अमेरिकी सैन्याला सापडली तेव्हा वजन एकतीस किलोच्या आसपास, केस पांढरे, आणि दुसऱ्या दिवशी एकविसावा वाढदिवस. समोर आलेल्या अधिकाऱ्याला तिने सांगितलं, आम्ही ज्यू आहोत. तो म्हणाला, मीही. हा कुर्ट क्लाइन. तो मूळचा जर्मन, मुलगा असतानाच अमेरिकेला गेलेला; आईवडील मागे राहिले ते ऑशविट्झमध्ये संपले. त्याने तिच्यासाठी दार धरलं, तिला आधी जाऊ दिलं, आणि आपण पुन्हा माणसात आलो असं तिला तेव्हा वाटलं, हे ती आयुष्यभर सांगत राहिली. प्रेम जमायला काही आठवडे लागले. एकत्र यायला वर्ष गेलं. त्याला अमेरिकेत परत जावं लागलं, तिला व्हिसा मिळेना. शेवटी तोच युरोपात परत आला आणि १९४६ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये लग्न झालं.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा अंदाज येईल. लग्न पटकन व्हायचं, देश पटकन मिळायचा नाही. पोलंडला परतलेल्यांचं काय झालं? ४ जुलै १९४६ ला तिथल्या किएल्त्से शहरात जमावाने ४० हून जास्त ज्यू मारले, आणि हजारो लोक पुन्हा जर्मनीतल्या छावण्यांकडे पळाले. ज्यांनी मारलं त्यांच्याच देशात आसरा. पॅलेस्टाइनचा दरवाजा ब्रिटिशांनी जवळजवळ बंद ठेवला होता; चोरून जाणारी जहाजं पकडून लोकांना सायप्रसच्या तारेच्या कुंपणात ठेवत. ऑगस्ट १९४६ ते फेब्रुवारी १९४९ या काळात तिथे पन्नास हजारांवर माणसं राहिली, आणि त्या तंबूंत, पाण्याची बोंब असताना, दोन हजारांवर बाळं जन्मली. १९४८ मध्ये इस्रायल झाल्यावर बहुतेकांची वाट मोकळी झाली. अमेरिकेनेही त्याच वर्षी निर्वासितांना घ्यायचा कायदा केला, पण २२ डिसेंबर १९४५ नंतर छावणीत आलेल्यांना वगळून. म्हणजे किएल्त्सेनंतर पळून आलेले नेमके बाहेर. ती अट १९५० मध्ये सुधारली.

मी म्युनिकजवळ राहते, म्हणून फोरेनवाल्डबद्दल थोडं जास्त सांगू शकते. दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी नाझींनी बांधलेली ही वसाहत युद्धानंतर ज्यू निर्वासितांना मिळाली आणि चक्क १९५७ पर्यंत चालली. इतकी वर्षं का? एक मोठं कारण क्षयरोग. व्हिसासाठी छातीचा एक्स-रे लागायचा, आणि नवराबायकोपैकी एकाच्या फुप्फुसावर डाग दिसला की दोघंही अडकायचे. आज ती वस्ती वाल्डराम नावाने वोल्फ्राट्सहाउसेन या गावाचा भाग आहे. तिथल्या जुन्या स्नानगृहात स्थानिक लोकांनी छोटं संग्रहालय केलंय. एस-७ लोकलने जाता येतं, पण उघडायच्या वेळा आधी बघून जा.

आता वळिवडे. तिथे १९४३ पासून पाचेक हजार पोलिश निर्वासित होते, पण ते बहुतांश कॅथलिक. त्यांना नाझींनी नव्हे, सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये सैबेरिया-कझाकस्तानात हाकललं होतं, आणि ते इराणमार्गे भारतात आले. छावणी १९४८ मध्ये उठली, लोक इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला पांगले. मात्र त्यांच्यातल्या एका मुलीचं कोल्हापूरच्याच मुलाशी जमलं आणि ती तिथेच राहिली.